वरची ओळ

आमच्या टाचणीला माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की ही आधी खाली बघते आणि मग वर बघून हसते. "अगं, जरा तोंडाकडे बघून बोलत जा, लोकांना वाटेल चपला चोरायला आलीस," असं मी तिला या घरात लग्न होऊन आले त्याच वर्षी सांगितलं होतं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सवय गेली नाही.

टाचणी ही माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. लहानपणी काडीसारखी होती म्हणून घरच्यांनी टाचणी म्हणायला सुरुवात केली. पुढे ती खरोखरच टाचांच्या धंद्यात शिरली, तेव्हा नाव कायमचं चिकटलं. लग्न केलं नाही. का, ते विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. मी तोंडाची फटकळ, मी विचारलं. "वेळच झाला नाही गं, वहिनी," म्हणाली, आणि पुन्हा कात्री चालवायला लागली.

तिची ही हकिगत मी सांगतेय, कारण ती सांगणार नाही. आणि दुसरं असं की, यात माझाही हात आहे.

आम्ही दोघी पायांच्या एका दवाखान्यात कामाला आहोत. मी पुढे काउंटरवर, ती मागच्या खोलीत. डॉक्टरीणबाई रुग्णाला मऊ फोमच्या पेटीत उभं करतात, पायाचा ठसा उमटतो, आणि ती पेटी मागे टाचणीकडे जाते. टाचणी त्यात प्लास्टर ओतते. सुकलं की पेटीतून अख्खा पांढरा पाय निघतो. त्या पायावर बेतून ती कॉर्कचे आणि रबराचे तळवे बनवते, बुटात घालायचे. तिच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि फळ्यांवर नुसते पाय. त्यांच्यावर नाव नसतं. एक नंबर असतो, आणि 'डा' किंवा 'उ'. मी सहसा त्या खोलीत जात नाही. एवढे पाय एका जागी उभे बघितले की आता सगळे मिळून चालायला लागतील असं वाटतं.

हे झालं पोटापाण्याचं. टाचणीचा जीव होता तो दुसऱ्याच गोष्टीत. ती धावपटूंवर कथा लिहायची. फॅन फिक्शन म्हणतात त्याला. आपल्या आवडीचा खेळाडू घ्यायचा आणि त्याच्या आयुष्यात काय काय घडलं असेल ते मनाने रचायचं. इंटरनेटवर अशा लोकांचा एक अड्डा होता. एक निवृत्त मास्तर तो चालवायचे. टाचणी वहीत लिहायची, मी टाइप करून तिथे टाकायचे. ती स्क्रीनकडे ढुंकूनही बघायची नाही. "छापलेलं बघितलं की सगळ्या चुका अंगावर येतात," म्हणायची. लोकांनी काय काय म्हटलंय ते मी चहाच्या वेळी वाचून दाखवायचे.

मास्तरांचे नियम कडक होते. खेळाडूच्या घरच्यांना हात लावायचा नाही. खेळाडूला स्वतःहून गोष्ट पाठवायची नाही. आणि प्रत्येक गोष्टीच्या वर एक ओळ घालायचीच घालायची: 'यातलं सगळं काल्पनिक आहे.' ती ओळ लिहून लिहून टाचणीचा हात इतका बसला होता की एकदा वाणसामानाच्या यादीवरही लिहिली होती. माझा नवरा यादी हातात घेऊन म्हणाला, "म्हणजे आणू की नको?"

तिचा माणूस एकच. दहा हजार मीटर धावणारा. लोक त्याला घड्याळ्या म्हणायचे, कारण पंचवीस फेऱ्यांतली प्रत्येक फेरी तो जवळजवळ तितक्याच सेकंदांत मारायचा. बोलायचा मात्र नाही. मुलाखतीत दोन वाक्यं आणि मान खाली. असा माणूस लिहिणाऱ्यांना सोन्याची खाण. बाकीचे वाटेल ते लिहायचे, त्याला राजवाड्यात न्यायचे, तुरुंगात टाकायचे. टाचणी तसली नव्हती. तिला सगळं माहीत असायला हवं. तो किती वाजता उठतो, कुठल्या हाताने नाडी बांधतो, शर्यतीआधी पाणी किती पितो. त्याच्या शर्यतींची कात्रणं पाच फायलींत लावलेली. पंचवीस फेऱ्या म्हणजे नक्की काय होतं ते कळावं म्हणून एका रविवारी सकाळी मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेली, माझ्या हातात घड्याळ दिलं आणि धावायला लागली. बाईसाहेबांचं वय पंचेचाळीस. चौथ्या फेरीला कडेला बसली आणि ओकली. "लिहून घे," मला म्हणते, "तोंडाला लोखंडाची चव येते."

"तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय," मी म्हटलं, पण लिहून घेतलं.

मास्तरांशी तिचा यावरून नेहमी वाद. ते म्हणायचे, एवढं खरं शोधायचं तर बातमी लिहा, गोष्ट कशाला? टाचणीचं उत्तर ठरलेलं असे. "तो जे उघड्यावर करतो ते मी बारकाईने बघते. त्याने जे झाकलंय ते मी शोधत नाही, ते मी बनवते." आणि ती तशी वागायचीही. एकदा अड्ड्यावरच्या कुणीतरी तिला त्याच्या आईच्या आजारपणाचे कागद पाठवले, कुठून मिळवले देव जाणे. मी वाचायला सुरुवात केली तर तिने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. "पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता." तो तिचा हात प्लास्टरने खरखरीत झालेला होता, मला अजून आठवतो.

मग ते फोटो आले.

मोठ्या शर्यतीला दोन-अडीच महिने होते. एका क्रीडा मासिकात घड्याळ्याचा फोटो होता, गवतावर पाठीवर पडून पाय ताणतोय, बुटांचे तळ सरळ कॅमेऱ्याकडे. टाचणीने भिंग लावून तो बघितला. मग फायलीतून सात-आठ महिन्यांपूर्वीचा तसाच एक फोटो काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तासभर त्यांच्यावरच वाकून होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"वहिनी, ह्याचा डावा पाय दुखतोय."

"कुणी सांगितलं?"

"हे बघ. आधी बाहेरच्या कडेचं रबर गेलेलं आहे, करंगळीच्या बाजूचं. म्हणजे सगळा भार तिथे टाकायचा. आणि हा आत्ताचा बूट. ती कड कोरी आहे आणि अंगठ्याखाली झिजलंय. तो ती बाजू टेकवतच नाहीये. करंगळीच्या मागचं हाड आहे ना, ते चिरलंय बहुतेक. तो असाच धावला तर मोडणार."

"मग?"

"त्याच्या प्रशिक्षकांना पत्र लिहूया का?"

आता ऐका मी काय म्हणाले ते. मी म्हणाले, "तू कोण लागून गेलीस? त्याच्यापाशी डॉक्टर आहेत, मालिश करणारे आहेत, मोठमोठी यंत्रं आहेत. त्यांना दिसत नाही आणि मागच्या खोलीत कॉर्क घासणाऱ्या बाईला मासिकातल्या फोटोत दिसतं? हसतील लोक. आणि त्याने झाकलं असेल तर? तूच म्हणतेस ना, झाकलेलं शोधायचं नाही?"

तिच्याच शब्दांत तिला पकडल्याचा मला कोण आनंद झाला! फोटो फायलीत गेले.

पुढे बरेच दिवस ती लिहीत होती. वही माझ्याकडे आली तेव्हा शर्यतीला आठवडा उरला होता. गोष्टीचं नाव 'तेविसावी फेरी'. घड्याळ्या सकाळी उठतो, डावा पाय जमिनीवर तिरका टेकवतो, बुटात कापडाची घडी घालतो, कुणाला काही सांगत नाही. आणि तेविसाव्या फेरीला त्याचं हाड मोडतं. तिने तो आवाजसुद्धा लिहिला होता. पाय कसा दुखतो, कुठे दुखतो, काय करायला हवं होतं, कुठली तपासणी, किती आठवडे विश्रांती, सगळं इतकं तपशिलात होतं की मी म्हटलं, ही गोष्ट आहे की केसपेपर?

टाइप करून झालं तेव्हा लक्षात आलं की वर ती ओळ नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हती. विसरली असेल, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर क्षणभर हात थांबला होता माझा. वाटलं, विचारावं. पण ती आंघोळीला गेली होती आणि मला भाजी टाकायची होती. मी ओळ टाइप केली: 'यातलं सगळं काल्पनिक आहे.' आणि गोष्ट टाकून दिली. तिला सांगायचंही राहून गेलं.

शर्यत दुपारी होती. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत टीव्ही आहे, तिथे रुग्ण, डॉक्टरीणबाई, आम्ही दोघी, सगळे उभे. टाचणीच्या हातात अर्धवट घासलेला तळवा होता. घड्याळ्या दुसऱ्या नंबरवर होता. बाविसाव्या फेरीच्या वळणावर तो एकदम एका बाजूला कलला, दोन पावलं गेला, आणि बसला. पडला नाही, बसला. जसं कुणी थकून ओट्यावर बसतं. डावा पाय दोन्ही हातांत धरून.

माझ्या फोनवर तेव्हापासून जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. अड्ड्यावरची माणसं नाचत होती. 'कसला रिसर्च!' 'बाई, तुम्ही ज्योतिषी आहात का?' एकाने तर लिहिलं, 'फक्त एका फेरीचा फरक, तेवढं माफ.' मी मूर्खासारखं ते तिला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काढून टाक." मी काढली, पण तोवर ती शंभर ठिकाणी पोचली होती.

हाड मोडलं होतं, तेच, करंगळीच्या मागचं. दोनदा शस्त्रक्रिया झाली. घड्याळ्या परत शर्यतीत उतरला नाही.

टाचणीने वह्या माळ्यावर टाकल्या. कामावर यायची, घरी जायची, जेवायची. पण घरात कुणीतरी आणखी राहायला आलंय असं मला वाटायला लागलं. भर सकाळी मी स्वयंपाकघरात असायचे आणि बाहेरच्या खोलीतून पावलं ऐकू यायची, एक जड, एक हलकं. एक जड, एक हलकं. पहिल्यांदा मी लाटणं हातात घेऊन बाहेर गेले. टाचणी होती. डावा पाय तिरका टेकवत खिडकीपासून दारापर्यंत जात होती.

"काय झालं पायाला?"

"कुठे काय?"

तिला स्वतःला पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढले, पायात काहीही नव्हतं. तरी ती लंगडतच राहिली. मागच्या खोलीतले सगळे डावे पाय तिने उलटे फिरवून ठेवले, बोटं भिंतीकडे. तळवा घासताना तो यंत्रावर किती वेळा फिरला ते मोठ्याने मोजायची. बावीस झाले की यंत्र बंद, बाहेर येऊन पाणी प्यायची, मग पुन्हा एकपासून. मी काउंटरवर बसून ऐकायचे आणि माझेही ओठ हलायला लागायचे. अठरा, एकोणीस, वीस. जीव नकोसा व्हायचा.

"अगं, तू काय केलंस? गोष्ट लिहिलीस फक्त!" एकदा मी तिच्यावर ओरडले.

"मी बनवलं नव्हतं, वहिनी. मला दिसलं होतं. मी त्याला सांगायला हवं होतं."

पत्र नको म्हणणारी मीच होते. त्या वरच्या ओळीचं माझ्या मनात आलंसुद्धा नव्हतं, शपथेवर सांगते.

दीडेक वर्षाने घड्याळ्याचं नाव आमच्या रजिस्टरमध्ये आलं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्याच्या पायाचा ठसा पेटीतून पाठवला होता, तळवे बनवून हवे होते. मी नाव रजिस्टरात ठेवलं, पेटीवर नंबर टाकला आणि चकार शब्द न बोलता मागे दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी काउंटरवर आली. कोपरापर्यंत प्लास्टर, आणि कडेवर मूल घ्यावं तसा तो पांढरा पाय.

"वहिनी, हा कुणाचा?"

"नंबर वाच की. मला काय माहीत?"

"हा त्याचा आहे." आणि त्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून तिने बोट फिरवलं, जिथे जरा उंचवटा होता.

ते तळवे तिने तीन वेळा बनवले. दोन जोड तिचे तिलाच पटले नाहीत, फेकून दिले. पाय मात्र फळीवर ठेवला नाही, टेबलावर समोर ठेवला.

तो तळवे घालून बघायला आला तो दिवस बुधवार होता. टीव्हीवर उंच वाटायचा, तसा नव्हता. बारीक, कपाळावरचे केस मागे गेलेले, हातात काठी. टाचणी त्याच्यापुढे खाली बसली, त्याच्या बुटांत तळवे घातले, चालून बघा म्हणाली. तो खोलीभर चालला. एक जड, एक हलकं. मी काउंटरवरून ऐकत होते.

"ताई, छान बसलेत," तो म्हणाला. "कुठेच टोचत नाही."

टाचणी उठली नाही. खाली बसल्या बसल्या म्हणाली, "मी तुमच्यावर गोष्टी लिहायचे. 'तेविसावी फेरी' माझी."

त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. चिडेल, निघून जाईल, काठी उगारेल, काय काय येऊन गेलं माझ्या मनात. तो खुर्चीवर बसला.

"ती तुमची होय," म्हणाला. "माझ्या बहिणीला कुणीतरी पाठवली होती. शर्यतीच्या दोन दिवस आधी तिने मला वाचून दाखवली. मध्येच रडायला लागली. दादा, हे तुझंच आहे, पाय दाखवून घे म्हणाली. मलाही एकदा वाटलं, दाखवावा. फोन हातात घेतला होता डॉक्टरांना करायला." तो जरासा हसला. "मग मी तिच्या हातातून ती गोष्ट घेतली आणि वर बघितलं. म्हटलं, अगं वेडे, हे बघ काय लिहिलंय. सगळं काल्पनिक आहे. लिहिणाऱ्या बाईच सांगतायत, तर तू कशाला घाबरतेस?"

"मी ती ओळ लिहिली नव्हती," टाचणी म्हणाली. "मुद्दाम लिहिली नव्हती. ती गोष्ट तुम्हाला पोचावी म्हणूनच लिहिली होती."

"पण होती ताई. मी बघितली ना."

मग टाचणीने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या चपलांकडे नाही. तोंडाकडे.

मी मान खाली घालून रजिस्टरात त्या दिवसाची तारीख घातली. घड्याळ्याने बूट बांधले, उजव्या हाताने आधी डावी नाडी, तिने लिहिलं होतं तसंच. दोघींना नमस्कार केला आणि गेला.

घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. रडले, भांडलेसुद्धा, मला विचारायचं होतंस, मला सांगायचं होतंस, असं उलटं तिच्यावरच चढले. ती म्हणाली, "वहिनी, जेवून घे. गार होतंय." त्यानंतर तो विषय तिने काढलेला नाही. लंगडायची मात्र थांबली त्या दिवसापासून.

आता ती गोष्टी लिहीत नाही, पत्रं लिहिते. मासिकात कुणाच्या बुटांचे तळ दिसले आणि तिला काही खटकलं की पत्र जातं. मागच्या शनिवारी एका उंच उडी मारणाऱ्या मुलीला गेलं. 'मी पायांच्या दवाखान्यात काम करते. तुमचा फोटो बघितला. उजवी टाच दाखवून घ्या. हे मी मनाने रचलेलं नाही.' आजवर गेलेल्या अकरा पत्रांपैकी एकालाच उत्तर आलं, तेही आभारी आहोत एवढंच. टाइप मीच करते. ती स्क्रीनकडे बघत नसे, आता माझ्या खुर्चीमागे उभी राहते आणि पाठवायच्या आधी म्हणते, "वर जा." मी वर जाते. वर काही लिहिलेलं नाही ना, ते ती बघते, आणि मग म्हणते, "हं, पाठव."

बाकी सगळ्यांशी ती अजून पायांकडे बघून बोलते. जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या तरी आधी खालीच बघते. माझ्याशी बोलताना मात्र तोंडाकडे बघते, सरळ, डोळ्यांत. इतकी वर्षं मीच तिच्या मागे लागले होते, तोंडाकडे बघून बोल म्हणून. आता ती बघते, आणि मी खाली तिच्या पायांकडे बघत उत्तरं देते.